पेण ते रोहे एवढा काळोख

आमची भाची ‘एक्सरेमध्ये’ आहे, ही बातमी पेणेत कोणी पसरवली देव जाणे! गेल्या भाऊबीजेला मी बहिणीकडे पोचलो तेव्हा ओटीवर फराळाच्या ताटाशेजारी शेजारच्या काकूंच्या गुडघ्याचा फोटो पडला होता, आणि भाची तो खिडकीच्या उजेडात धरून कपाळाला आठ्या घालीत होती.

“काकू, खरंच सांगते, मला यातलं काही कळत नाही हो.”

“अगं, इतकी वर्षं तेच शिकत्येस ना?” काकूंना हा मुलीचा विनय वाटत होता.

शेवटी भाचीने खरे ते सांगून टाकले. आपला संबंध माणसांच्या हाडांशी नसून आकाशातून येणाऱ्या क्ष-किरणांशी आहे, असे ती म्हणाली. काकूंनी फोटो परत पिशवीत घातला, एक चकली उचलली आणि “म्हणजे नोकरी अशी अजून नाहीच,” असा निष्कर्ष काढून त्या गेल्या. बहिणीने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात “दादा, आता तूच काय ते विचार हिला,” असा मजकूर होता.

विचारायला संधी दुसऱ्याच दिवशी मिळाली. रोह्याला आमची आत्या असते. वय ब्याऐंशी. दिवाळीनंतर तिला भेटायला जायचे हा आमचा जुना रिवाज आहे. मी आणि भाची असे दोघे पेणेच्या फलाटावर दिव्याहून येणाऱ्या गाडीची वाट पाहत उभे होतो. गाडी अर्थातच यायची होती.

“मामा, पेण ते रोहे अंतर किती?” भाचीने विचारले.

“रस्त्याने का रेल्वेने?”

“कावळ्याने.”

मी हिशेब केला. सरळ रेषेत तेहतीस-चौतीस किलोमीटर भरावे.

“मग असं समज,” ती म्हणाली, “आपल्या सूर्यासारखे बारा सूर्य घेतले आणि दाबून दाबून इतके लहान केले, की त्यांचा मध्य या फलाटावर ठेवला तर त्यांची हद्द रोह्याच्या जेमतेम पलीकडे पडेल. छत्तीस किलोमीटर. त्या हद्दीच्या आत गेलेला उजेड परत येत नाही. आणि ते सगळं गरगर फिरत असेल तर हद्द आणखी आत येते. मी ज्याचा अभ्यास करते ते फार जोरात फिरतं. त्याची हद्द नागोठण्याच्या आसपास पडेल.”

सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटरांच्या घरात आहे हे शाळेत पाठ केलेले मला आठवले. तसले बारा सूर्य पेण आणि नागोठण्याच्या दरम्यान! माझ्या डोळ्यांसमोर नागोठण्याच्या फलाटावर उभी असलेली मंडळी आली आणि ती बिचारी कोणत्या बाजूला पडतात याची उगीच काळजी वाटू लागली.

कृष्णविवर हा शब्द आता आपल्या घरांतून परका राहिलेला नाही. जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेऊन मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जी गोष्ट पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले, तिचे नावच ‘कृष्णविवर’ होते. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले. त्यांनी १९८८ साली पुण्यास उभी केलेली आयुका ही संस्था आज या विषयाचे मोठे केंद्र आहे. पण कृष्णविवर म्हणजे काळा खड्डा, त्यात सगळे पडते आणि संपते, एवढ्यावर आपली समजूत थांबते. माझी तरी थांबली होती. जे दिसतच नाही त्याचा अभ्यास करायचा कसा, आणि पोरगी रात्ररात्र जागते ती नेमके काय पाहून, हा माझा प्रश्न होता.

गाडी आली. खिडकीशी जागा मिळाली. खारेपाट मागे पडू लागला तशी भाचीने गोष्ट पुढे नेली.

कृष्णविवर एकटेच असेल तर खरोखरच त्याचा पत्ता लागणे कठीण. पण काहींना जोडीदार असतो. साधा तारा. दोघे एकमेकांभोवती फिरतात आणि कृष्णविवर त्या ताऱ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेते. हा वायू सरळ आत पडत नाही. मोरीत पाणी जाताना जसे फेर धरते तसा तो फेर धरतो आणि त्याची एक चकती होते. चकतीत आतले थर भराभर फिरतात, बाहेरचे सावकाश. थरावर थर घासतो, तापतो, आणि अगदी आतल्या कडेला तपमान एक कोटी अंशांच्या आसपास जाते. इतक्या तापलेल्या वस्तूचा उजेड डोळ्यांना दिसणारा नसतो. ते क्ष-किरण असतात. म्हणजे अंधारात पडण्यापूर्वी वायू जी शेवटची आरोळी ठोकतो, तीच आपल्याला ऐकू येते.

“ऐकू येते म्हणजे वरती जाऊन,” भाचीने दुरुस्ती केली. काकूंच्या गुडघ्यातून आरपार जाणारे क्ष-किरण आपल्या हवेतून मात्र खाली येऊ शकत नाहीत. डोक्यावरची सगळी हवा वजनाने दहा मीटर खोल पाण्याएवढी भरते. म्हणून साठीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी हैदराबादेहून मोठाले फुगे सोडून त्यांत यंत्रे टांगीत, आणि पुढे उपग्रह आले. यंत्र म्हणजे काय? झेनॉनसारखा वायू भरलेली पेटी. क्ष-किरणाचा एकेक कण आत शिरला की वायूत विजेची एक ठिणगीवजा खूण उमटते. यंत्र फक्त वेळ टिपून ठेवते. आता एक आला, आता दुसरा, आता तीन लागोपाठ.

“चित्र वगैरे काही नाही?”

“काही नाही. पागोळ्या मोज, मामा. पावसाळ्यात घरात बसून नुसत्या पागोळ्या मोजल्यास तरी वर पाऊस वाढला की ओसरला हे कळतं ना? तसं.”

मला हे पटले. कौलावरचा पाऊस न पाहता ओळखण्यात आमचे सगळे बालपण गेले आहे.

आता खरी मौज पुढे आहे. या पागोळ्या बारा महिने पडत नाहीत. ताऱ्याकडून आलेला वायू चकतीच्या बाहेरच्या भागात थंडपणे साचत राहतो, कधी कधी वीस-तीस वर्षे. थंड वायूत घर्षण कमी, म्हणून तो आत सरकत नाही. साचता साचता तपमान दहा हजार अंशांच्या आसपास गेले की हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, घर्षण एकदम वाढते आणि साचलेले सगळे आतल्या बाजूला धावत सुटते. यालाच उद्रेक म्हणायचे. पेणेच्या खारेपाटातली उघाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल. बांधाच्या आत पाणी साचत असते, झडप मिटलेली असते. मग एक वेळ येते आणि झडप आपोआप उघडून पाणी भसाभस जाते. फरक एवढाच, की उघाडीला ओहोटीची वाट पाहावी लागते, तर इथे साचलेला वायू स्वतःच झडप ढकलतो. दिवाळीच्या भाषेत सांगायचे तर हा फटाका नव्हे, भुईनळा. चढायला काही दिवस, उतरायला महिने.

आणि उद्रेक सुरू झाला की तो उजेड स्थिर नसतो. थरथरतो, लुकलुकतो, ठोके देतो. भाचीचा अभ्यास या थरथरीचा.

“थरथर मोजून काय कळतं?”

“मोजमाप कळतं. एखादी वस्तू सेकंदाच्या हजाराव्या भागात आपला उजेड बदलते, तर ती तीनशे किलोमीटरांहून मोठी असणं कठीण. कारण तेवढ्या वेळात उजेड तीनशे किलोमीटरच जातो. तिच्या एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचली पाहिजे ना! पेण ते रोहे उजेडाला सेकंदाचा नऊ हजारावा भाग लागतो.”

आमची गाडी त्या वेळी कासूला उभी होती आणि कशासाठी उभी आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

थरथरीलाही एक क्रम असतो. उद्रेकाच्या आरंभी उजेड फार हिंदकळतो. सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वरखाली होतो. त्यातच एक ताल असतो. आधी दहा सेकंदांत एक ठोका, मग सेकंदाला एक, मग सेकंदाला पाच-दहा. चकती जसजशी आत आत सरकते तसतसा ताल जलद होतो. मग चकती काठोकाठ भरते, उजेड भरपूर होतो आणि हिंदकळणे जवळजवळ थांबते, शेकड्यात दोनचार उरते. महिन्यांनी वायू सरत आला की पुन्हा हिंदकळणे सुरू. मी म्हटले, “उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढंच ना?” भाची हसली. आमच्या विषयात ही म्हण कोणी वापरल्याचे ऐकले नाही, पण चालेल, असे तिने प्रमाणपत्र दिले. मग एक अडचणही सांगितली. चढताना ज्या पातळीवर खळखळाट थांबतो, उतरताना त्याच पातळीवर तो पुन्हा सुरू होत नाही. पाणी त्याहून पुष्कळ खाली जावे लागते. असे का, याचे सर्वांना पटेल असे उत्तर अजून नाही.

नागोठण्याचा पूल आला आणि आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प झालो. १९८९ च्या जुलैत याच अंबा नदीने नागोठणे आणि वरच्या अंगाला जांभूळपाडा यांची जी दैना केली ती आमच्या पिढीला विसरता येत नाही. एरवी पुलावरून पाहिले तर नदी कशी, गुडघाभर पाण्यात म्हशी बसलेल्या. त्या रात्री तिने माणसे नेली.

“त्याच वर्षी, त्याच्या दोन महिने आधी,” भाची हळूच म्हणाली, “हंस तारकासमूहातल्या व्ही-४०४ चा उद्रेक झाला होता. जपानच्या उपग्रहाने पाहिला.”

हा तारा १९३८ साली एकदा भडकला होता. तेव्हा त्याला साधा नवतारा समजले गेले. १९५६ साली पुन्हा भडकला, पण ते जुन्या फोटोंच्या काचा तपासताना मागाहून कळले. मग १९८९. आणि त्यानंतर सव्वीस वर्षे शांतता. जून २०१५ च्या मध्यावर तो जागा झाला तेव्हा साऱ्या जगातल्या दुर्बिणी तिकडे वळल्या. त्याची लुकलुक साध्या उजेडातही इतकी स्पष्ट होती की हौशी लोकांच्या लहान दुर्बिणींनी ती टिपली. दोन आठवडे हा दंगा चालला. आणि आपला ‘अॅस्ट्रोसॅट’, ज्यात या कामासाठी मुंबईत बनवलेल्या तीन मोठ्या पेट्या बसवल्या होत्या, तो त्या वेळी कुठे होता? जमिनीवर! २८ सप्टेंबर २०१५ ला तो श्रीहरिकोट्याहून उडाला. तीन महिन्यांची चुकामूक. पुराची उंची मोजायची काठी तयार होती, पण नदीत रोवायची राहिली होती.

“रडू आलं असेल,” मी म्हटले.

“मी तेव्हा कॉलेजात होते, मामा. पण ज्यांनी वीस-वीस वर्षं त्या पेट्यांसाठी घालवली त्यांचं काय झालं असेल!”

उपग्रहाला पुढे संधी मिळाल्या. मार्च २०१८ मध्ये भुजंगधारी तारकासमूहात एक उद्रेक झाला, सुमारे दहा हजार प्रकाशवर्षांवर. साध्या उजेडात तो आधी दिसला आणि क्ष-किरणांत पाच दिवसांनी. म्हणजे झडप बाहेरच्या बाजूला उघडली आणि लोंढा आत पोचायला वेळ लागला. ‘अॅस्ट्रोसॅट’ने तो पाहिला. पण त्याच वर्षी तीन पेट्यांपैकी एकीतला वायू गळाल्याने ती बंद करावी लागली, दुसरी लहरीपणा करू लागली. पुढचा बराचसा भार एकटीने वाहिला. पाच वर्षांच्या बोलीवर पाठवलेल्या या उपग्रहाला २०२५ च्या सप्टेंबरात दहा वर्षे पुरी झाली, हे आपल्याकडच्या वस्तूंचा टिकाऊपणा पाहता मला विशेष वाटते.

रोहे आले.

आत्याचे घर जुन्या वस्तीत. ती दारातच उभी होती आणि तिच्या हातात मोठे खाकी पाकीट होते. मी मनात म्हटले, झाले! पेणेची बातमी आमच्या आधी रोह्याला पोचली होती.

“ये गं बाई,” आत्या भाचीला म्हणाली, “आमचे डॉक्टर म्हणतात ठोका चुकतो. मला काही वाटत नाही. तू बघ.”

पाकिटात छातीचा फोटो होता आणि हृदयाच्या आलेखाची कागदी पट्टी होती. भाचीने फोटो बाजूला ठेवला. पट्टीकडे मात्र ती बघतच राहिली. मग तिने पिशवीतून आपली वही काढली आणि तीत डकवलेला एक कागद पट्टीशेजारी ठेवला. मी चष्मा लावून पाहिले. खोटे कशाला सांगू, कोणती पट्टी आत्याची आणि कोणती आकाशातली हे मला प्रथम ओळखता आले नाही. तीच सपाट रेघ, तोच चढ, तेच टोक, पुन्हा सपाट रेघ. नीट पाहिल्यावर भेद दिसतो. भाचीच्या कागदावरचा चढ सावकाश होता, आणि टोकावरून रेघ जवळजवळ सरळ खाली आली होती.

“हे कुणाचं?” आत्याने विचारले.

“गरुड तारकासमूहातल्या एका कृष्णविवराचं, आजी. त्याला जीआरएस १९१५+१०५ म्हणतात.”

“हे काय नाव झालं!”

नाव म्हणजे आकाशातला पत्ता आहे. १९९२ च्या ऑगस्टात रशियन उपग्रहाने याचा उद्रेक पाहिला. बारा सूर्यांएवढे ते हेच. जोडीदार फुगलेला पण वजनाने सूर्याहून हलका, आणि फेरी चौतीस दिवसांची. अंतर सुमारे अठ्ठावीस हजार प्रकाशवर्षे. इतर उद्रेक काही महिन्यांत विझतात. याची चकती इतकी विस्तीर्ण की हा वर्षानुवर्षे जळतच राहिला. आणि माझ्या म्हणीला याने पार खोटे पाडले. काठोकाठ भरलेला असूनही याचा खळखळाट थांबेना. कधी शांत, कधी दोन मिनिटांत पाचपट भडकणे, कधी घड्याळासारखे ठोके. २००० साली शास्त्रज्ञांनी त्याच्या लहरींचे बारा प्रकार पाडून त्यांना ग्रीक अक्षरांची नावे दिली. त्यांतल्या एकाला सगळे प्रेमाने ‘हृदयाचा ठोका’ म्हणतात. साधारण मिनिटभराच्या आतबाहेर एक ठोका. याखेरीज एक फार जलद थरथर आहे, सेकंदाला सदुसष्टच्या आसपास. तीही आपल्या उपग्रहाने टिपली.

आणि या ठोक्यांशी आपल्या देशाचा संबंध त्याहून जुना आहे. २१ मार्च १९९६ ला सुटलेला आयआरएस-पी३ हा उपग्रह जमीन आणि समुद्र न्याहाळण्यासाठी होता, पण त्याच्या एका कोपऱ्यात क्ष-किरणांच्या तीन छोट्या पेट्यांना जागा मिळाली होती. भाडेकरूच म्हणा ना! १९९७ च्या जून आणि ऑगस्टमध्ये त्या पेट्यांनी या गरुडातल्या महाशयांचे ठोके टिपले. बिस्वजित पॉल, प्र. चं. अग्रवाल, अ. रा. राव आदी मंडळींनी १९९८ साली त्यावर निबंध लिहिला. लेखकांत कस्तुरीरंगन होते. इस्रोचे अध्यक्षपद सांभाळणारा हा गृहस्थ मूळचा याच विषयातला.

त्यांच्या ध्यानात जे आले ते असे. काही मेलेल्या ताऱ्यांना कठीण पृष्ठभाग असतो. अशा ताऱ्यावर साचलेला वायू पेटला तर उजेड झटकन चढतो आणि तापलेल्या तव्यासारखा सावकाश निवतो. इथे उलटे होते. चढ सावकाश, उतार झटकन. निवायला काही उरलेच नाही. आपटायला जमीनच नव्हती. वायू हद्दीपलीकडे गेला आणि बातमी तुटली, असा त्याचा अर्थ त्यांनी सुचवला. मला यातले सर्वांत काय आवडले असेल तर निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी घातलेला ‘कदाचित’ या अर्थाचा शब्द. इतकी मोठी गोष्ट हाती लागली असताना मथळ्यात ‘कदाचित’ घालायला वेगळे धैर्य लागते. आणि तो घातला हे बरेच झाले. कारण आतल्या चकतीत उजेडाचाच दाब इतका वाढतो की ती भरते, उसळते आणि रिकामी होते, त्यातला काही वायू बाहेरही उधळला जातो, असे मानणारे पुष्कळ आहेत. वाद चालू आहे.

आत्या हे सारे ऐकत होती. मला वाटले तिला कंटाळा आला असेल. ती म्हणाली, “कोलाडच्या वरच्या अंगाला आमच्या दिरांचं शेत होतं, नदीला लागून. भिऱ्याचं वीजघर मी जन्मात पाहिलं नाही. पण सकाळी कुंडलिकेला पाणी चढलं की जाऊबाई म्हणायच्या, वर यंत्रं सुरू झाली. उतरलं की बंद झाली. एखाद्या दिवशी पाणी आलं नाही तर गडी म्हणायचे, आज मुंबईत कारखाने बंद दिसताहेत.”

मुळशीच्या धरणाचे पाणी १९२७ पासून सह्याद्रीवरून भिऱ्यास उतरते आणि वीज करून झाली की कुंडलिकेत येते. आज त्याच पाण्याच्या वेळा सांभाळून कोलाडला शहरची मंडळी रबरी होड्यांतून किंचाळत जातात. भाची आत्याकडे बघतच राहिली. गाडीत मला तासभर जे समजावून द्यावे लागले ते हिच्या जाऊबाईंना ठाऊक होते.

“मग आता कसा आहे तुझा रोगी?” आत्याने विचारले.

भाचीने जरा वेळाने उत्तर दिले. २०१८ च्या मध्यापासून तो मंदावला. २०१९ मध्ये तर इतका, की सव्वीस-सत्तावीस वर्षे जळून अखेर विझला असेच सर्वांना वाटले. पण रेडिओ-लहरींत मात्र तो मधून मधून भडकताना दिसे. म्हणजे आत धुगधुगी होती, पण समोर दाट वायूचा पडदा आला असावा. भाचीने त्याच्यावर काम सुरू केले ते नेमके याच सुमारास. ज्याचे ठोके मोजायचे त्याने तोंडावर पांघरूण घेतले.

“अगं बाई! मग तुझं काम गेलं?”

“जुने ठोके आहेत ना, आजी. सत्त्याण्णवचे, मग ‘अॅस्ट्रोसॅट’चे. ते कुणी परत मोजू शकणार नाही. तेच पुन्हा पुन्हा तपासत्ये. कधी वाटतं…” ती थांबली. काल काकूंनी काढलेला निष्कर्ष तिला लागला होता, हे मला तेव्हा कळले. तिची पाठ्यवृत्ती पुढच्या वर्षी संपणार होती हेही मला तिथेच कळले. आईला सांगितले नव्हते म्हणे.

मला काही सुचेना. आत्या उठली, आत जाऊन अनारसे घेऊन आली. “खा,” म्हणाली. मग आपली पट्टी आणि तिचा कागद दोन्ही पुन्हा शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. “माझा जास्त चुकतोय,” ती म्हणाली.

संध्याकाळी आम्ही तिघे अंगणात उभे राहिलो. धाटावच्या कारखान्यांचा उजेड एका बाजूला होताच. तरी पश्चिमेकडे श्रवण स्पष्ट दिसत होता. भाचीने आत्याचा हात लांब करून मूठ वळायला लावली आणि श्रवणापासून एक मूठभर पश्चिमेला खूण केली. “इथे.” तिथे काहीच नव्हते. आत्या तरीही पाहत राहिली. वर हंस पंख पसरून होता, त्यात तो व्ही-४०४ पुन्हा निजलेला. त्याने आणखी किती वर्षे निजावे याला काही नियम नाही.

“ठोका चुकतो म्हणून डॉक्टर यंत्र बसवा म्हणतात,” आत्या अचानक म्हणाली. “मी नको म्हटलंय. बसवू का गं?”

“बसव, आजी,” भाची म्हणाली. “पट्टीवर मधे दोन ठिकाणी फार लांब सपाट आहे. मला गुडघे कळत नाहीत, पण हे कळतं.”

आत्याने यंत्र पौषात बसवले. घरातल्या आम्हा सर्वांचे ऐकून जे झाले नव्हते ते झाले. भाचीची पाठ्यवृत्ती वर्षभर वाढली. आईला तिने ती वाढल्यावर सांगितले.

आषाढात आत्याचा फोन आला. आवाज खणखणीत होता. कुंडलिका दुथडी आहे, दळे आहेत, येऊन जा, वगैरे झाल्यावर ती म्हणाली, “आणि तो गरुडातला?”

मी भाचीला विचारून सांगतो म्हटले. विचारले. अजून पूर्वीसारखा नाही, असे तिने कळवले, आणि तसेच मी रोह्याला कळवले.

“पट्टी जपून ठेव म्हणावं,” आत्या म्हणाली.